ब्रिटिश स्पीडवे: नियम कोण करतं आणि जमीन कोणाची?

२०२३ चा हंगाम संपला आणि इंग्लंडमधले स्पीडवेचे, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यतींचे, दोन नावाजलेले क्लब बेघर झाले. पीटरबरो पँथर्स हे वरच्या लीगचे २०२१ चे विजेते. ज्या प्रदर्शन मैदानावर त्यांच्या शर्यती व्हायच्या, तिथे पुनर्विकासाचा आराखडा आला. वुल्व्हरहॅम्प्टनच्या मोनमोर ग्रीनवर पहिली शर्यत १९२८ मध्ये झाली होती. त्या स्टेडियमची मालकी एका बेटिंग कंपनीकडे, आणि तिला रस ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींत. तिने स्पीडवेचा करार पुढे वाढवला नाही. दोन्ही ठिकाणी मैदानातल्या निकालांचा यात काडीचा संबंध नव्हता.

लेस्टर, मँचेस्टर, शेफील्डकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना हा खेळ कधी पोस्टरवर दिसतो, कधी चॅनल बदलताना टीव्हीवर लागतो. शर्यत मिनिटभरात कळते. पण संघ, गुण आणि सरासऱ्या यांचं काय चाललंय ते हंगामभर बघूनही कळत नाही. खुद्द तिथल्या चाहत्यांचीही दर हिवाळ्यात नियमांवरून हमरीतुमरी चालते. त्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की नियम सुधारले की खेळ सुधारेल. मला तसं वाटत नाही. का, ते सांगण्याआधी खेळ समजून घेऊ.

मुळात हा खेळ काय आहे?

लंबगोल मातीचा ट्रॅक, चार रायडर, चार फेऱ्या, आणि सगळी वळणं डावीकडे. एवढ्या छोट्या शर्यतीला हीट म्हणतात. मोटारसायकल ५०० सीसीची, एका सिलिंडरची, मेथॅनॉलवर चालणारी. तिला एकच गियर असतो आणि ब्रेक अजिबात नसतो.

ब्रेक नाही म्हटल्यावर ऐकणारा दचकतो, पण त्यामागे साधा हिशेब आहे. चौघं हातभर अंतरावरून वळणात शिरतात. पुढच्याने अचानक ब्रेक दाबला तर मागचा थेट त्याच्या अंगावर जाईल. त्यामुळे वेग आवरायचा तो मागचं चाक बाहेर सरकवून. रायडर गाडी आडवी टाकतो, पुढचं चाक उजवीकडे वळवतो आणि डावा पाय जमिनीला टेकवत वळण काढतो. त्या डाव्या बुटाखाली लोखंडी तळवा बांधलेला असतो, नाहीतर बूट एका संध्याकाळीत फाटेल. मागच्या चाकाने उडवलेली माती मागून येणाऱ्याच्या गॉगलवर बसते, म्हणून गॉगलवर पातळ फिल्मचे थर असतात. एक बरबटला की ओढून टाकायचा.

पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला शून्य. प्रत्येक हीटमध्ये दोन यजमान संघाचे, लाल आणि निळ्या हेल्मेटचे. दोन पाहुण्या संघाचे, पांढऱ्या आणि पिवळ्या हेल्मेटचे. लीगच्या सामन्यात अशा १५ हीट होतात, म्हणजे एकूण ९० गुण. ज्याचे ४६ झाले तो जिंकला. प्रेक्षक हातातल्या कार्यक्रमपत्रिकेवर पेनाने प्रत्येक हीटचे गुण भरत बसतात. निम्मी मजा त्या आकडेमोडीत असते.

सरासरी म्हणजे काय, आणि तिच्यावरून एवढं भांडण का?

सगळ्या गुंत्याचं मूळ या एका आकड्यात आहे. समजा एखाद्या रायडरने हंगामात ५० हीट केल्या आणि १०० गुण मिळवले. शंभर भागिले पन्नास म्हणजे दोन, त्याला चाराने गुणायचं. त्याची सरासरी आठ. प्रत्येक हीट जिंकणाऱ्याची सरासरी बारा, त्यापुढे कोणी जाऊच शकत नाही. यात आणखी एक बारकावा आहे. तुमचा जोडीदार तुमच्या लगेच पुढे असेल आणि तुम्ही दोघं मिळून प्रतिस्पर्ध्याला मागे टाकलं असेल, तर तुम्हाला एक बोनस गुण मिळतो. तो संघाच्या धावफलकावर दिसत नाही, पण सरासरीत धरला जातो आणि त्याचे पैसेही मिळतात. कारण जोडीदाराला पुढे ठेवून मागच्याला अडवणं हेही काम आहे.

आता संघबांधणी. संघात सात रायडर. सातही जणांच्या सरासऱ्यांची बेरीज ठरावीक मर्यादेच्या आत बसली पाहिजे. ही मर्यादा दर हिवाळ्यात नव्याने ठरते; वरच्या लीगमध्ये ती साधारण चाळिशीच्या आसपास फिरत आली आहे. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक फ्रँचायझीला खर्चाची सारखीच मर्यादा असते, तसंच हे. फरक इतकाच की तिथे खेळाडूची किंमत बोलीने ठरते, इथे गेल्या हंगामातल्या त्याच्या स्वतःच्या कामगिरीने.

आणि खरी गंमत इथेच आहे. वर्षभर संघ चांगला खेळला म्हणजे सगळ्यांच्या सरासऱ्या वाढल्या. सरासऱ्या वाढल्या की बेरीज मर्यादेबाहेर गेली. म्हणजे विजेत्या संघाला पुढच्या वर्षी आपलेच दोन-तीन रायडर सोडावे लागतात. उलट दुखापतीमुळे ज्याची सरासरी पडली, पण अंगात अजून धमक आहे, असा रायडर सगळ्यांनाच हवा असतो. सहाची सरासरी घेऊन येईल आणि आठचे गुण काढेल! कागदावरची किंमत आणि खरी कुवत यातली ही तफावत शोधणं हीच संघ बांधणाऱ्याची कला.

चाहत्यांचा आक्षेप असा की यामुळे संघाशी नातं जुळत नाही. गेल्या वर्षी ज्याच्या नावाने ओरडलो तो यंदा शेजारच्या शहराच्या रंगात. आक्षेप खरा आहे. पण मर्यादा काढली तर दोन पैसेवाले क्लब सगळे चांगले रायडर गोळा करतील, आणि सोमवारी रात्री ६५-२५ असा सामना बघायला तिकीट कोण काढेल? अटीतटीच्या लढतीशिवाय या खेळाकडे विकायला काही नाही.

प्रतिस्पर्धी क्लबचा रायडर आपल्या संघातून कसा काय?

नव्या प्रेक्षकाला सगळ्यात खटकतं ते हे. तुमचा मुख्य रायडर जखमी झाला तर त्याच्याइतक्या किंवा त्याहून कमी सरासरीचा दुसऱ्या क्लबचा रायडर एका सामन्यापुरता बोलावता येतो. त्याला गेस्ट म्हणतात. सोमवारी तो तुमच्यासाठी पडत-झडत गुण मिळवेल आणि गुरुवारी स्वतःच्या संघाकडून तुम्हालाच हरवायला येईल. शिवाय बरेच रायडर एकाच हंगामात वरच्या आणि खालच्या लीगमधल्या दोन वेगळ्या क्लबांकडून खेळतात.

दुसऱ्या कुठल्याही खेळात हा विनोद ठरला असता. पण इथली आर्थिक बाजू बघा. रायडर हा क्लबचा पगारी नोकर नसतो, त्याचा स्वतःचा धंदा असतो. गाड्या त्याच्या, इंजिनाच्या दुरुस्तीचा खर्च त्याचा, मेकॅनिक त्याचा, व्हॅनमधलं डिझेलही त्याचं. पैसे मिळतात ते मुख्यतः गुणांवर. राखीव म्हणून घरी बसलेला रायडर शून्य कमावतो, म्हणून राखीव फळी कोणी ठेवूच शकत नाही. आणि हाड मोडणं हे या खेळात पावसाइतकंच नेहमीचं. गेस्टची सोय बंद केली तर दर आठवड्याला एखादा संघ पाच-सहा जणांनिशी उतरेल आणि सामन्याचा निकाल पहिल्या हीटआधीच लागलेला असेल. नियम विचित्र आहे, मान्य. पण तो गरिबीतून आलाय.

हे सगळं ठरवतं कोण?

जगभरातल्या मोटारसायकल खेळांची सर्वोच्च संस्था एफआयएम. ब्रिटनमध्ये तिची सदस्य ऑटो-सायकल युनियन. तिच्या अखत्यारीत स्पीडवे कंट्रोल ब्युरो, जो परवाने देतो, पंच नेमतो, नियमावलीवर शिक्का मारतो आणि शिस्तभंगाची प्रकरणं बघतो. पण स्पर्धा कशी भरवायची, सरासरीची मर्यादा किती, गेस्ट कधी चालेल, हे सगळं ठरतं ब्रिटिश स्पीडवे प्रमोशन्स लिमिटेड या कंपनीत. जुनं नाव ब्रिटिश स्पीडवे प्रमोटर्स असोसिएशन. प्रमोटर म्हणजे क्लबचा मालक-चालक. हंगाम संपल्यावर हे प्रमोटर बंद दाराआड वार्षिक बैठक घेतात, मतं टाकतात, आणि बाहेर येऊन पुढच्या वर्षीचे नियम जाहीर करतात.

म्हणजे ज्यांचे संघ एकमेकांविरुद्ध खेळणार, तेच नियम करतात. ज्याच्याकडे आधीच जमलेला संघ आहे त्याला मर्यादा जास्त हवी, ज्याला संघ नव्याने बांधायचाय त्याला कमी हवी. दर वर्षी काही ना काही बदलतं ते यामुळेच. मागे एका काळात पिछाडीवर पडलेल्या संघाच्या एखाद्या रायडरला एका हीटमध्ये दुप्पट गुण मिळण्याचीही सोय होती. मागचा संघ झटकन जवळ यायचा, आणि पेनाने गुण लिहिणारे चाहते चिडून पेन खिशात ठेवायचे.

हा वाद नवा नाही. १९६४ मध्ये वरच्या नॅशनल लीगमध्ये फक्त सात संघ उरले होते. खालच्या प्रॉव्हिन्शियल लीगचं मात्र छान चाललं होतं. नियामक मंडळाने फर्मान काढलं की खालच्या लीगमधला वुल्व्हरहॅम्प्टन वर जाईल. खालच्या क्लबांनी साफ नकार दिला आणि ते वर्ष परवान्याविना, बंडखोर म्हणून काढलं. प्रकरण चिघळलं, लॉर्ड शॉक्रॉस यांच्या चौकशी समितीकडे गेलं, आणि १९६५ मध्ये दोन्ही लीग मिळून १८ संघांची ब्रिटिश लीग उभी राहिली. त्यानंतरचा दशकभराचा काळ या खेळाच्या चांगल्या दिवसांत मोजला जातो.

२०२४ मध्ये वरच्या लीगमध्ये, म्हणजे प्रीमियरशिपमध्ये, पुन्हा सातच संघ होते. ज्या वुल्व्हरहॅम्प्टनवरून १९६४ ला रणकंदन झालं, तो त्यात नव्हता.

वर जायचं की खाली, हे आजही गुणतक्ता ठरवत नाही, बहुतेक वेळा प्रमोटरचा खिसा ठरवतो. पूल पायरेट्स २०१८ मध्ये वरच्या लीगचे विजेते होते. पुढच्याच वर्षअखेरीस त्यांनी स्वखुशीने खालच्या चॅम्पियनशिपमध्ये जायचा निर्णय घेतला. तिथे खर्च कमी, गर्दी तेवढीच. २०२१ आणि २०२२ ला ती लीग जिंकून ते मजेत राहिले. वर्किंग्टन कॉमेट्सने २०१८ मध्ये खालच्या विभागातली लीग आणि चषक सगळं जिंकलं आणि पुढच्या हंगामाआधी गाशा गुंडाळला. जिंकण्याचा आणि जगण्याचा इतका कमी संबंध असलेला व्यावसायिक खेळ मला तरी दुसरा माहीत नाही.

मग नियम करायला तटस्थ मंडळ का नेमत नाहीत?

ही मागणी वर्षानुवर्षं होते आणि ती चुकीची नाही. मर्यादा तीन वर्षांसाठी एकदाच ठरवली, सामन्यांचं वेळापत्रक बाहेरच्या माणसाकडे दिलं, तर निम्मी कुरबूर थांबेल. पण तोटा भरतो प्रमोटर. पावसाने सामना रद्द झाला की रुग्णवाहिका, डॉक्टर, ट्रॅकची माणसं यांचं बिल त्याच्याच नावावर येतं. ज्याच्या खिशातून पैसे जातात तो मत सोडत नाही. तटस्थ मंडळाने त्याला न परवडणारा नियम केला, तर तो खटला भरणार नाही, सरळ क्लब बंद करेल.

दुसरी अडचण ब्रिटनच्या हातात नाहीच. जगातले सर्वोत्तम रायडर आज पोलंडच्या लीगसाठी जगतात, कारण पैसा तिथे आहे. पोलंडचे सामने शुक्रवारी आणि रविवारी, स्वीडनचे मंगळवारी. ब्रिटनच्या वरच्या लीगला उरले सोमवार आणि गुरुवार. शाळा असलेल्या पोराला घेऊन सोमवारी रात्री कोण येणार? आणि हा वार बदलायचा म्हटलं तर मोठी नावं विमान पकडून निघून जातील. तारखा वॉर्सातून ठरतात म्हटलं तरी फार चुकणार नाही.

पोलंडला जमतं ते ब्रिटनला का नाही?

लेश्नो, गोझूव्ह, झेलोना गुरा ही मध्यम आकाराची शहरं. तिथे शहराची शान म्हणजे स्पीडवे संघ. स्टेडियम सहसा नगरपालिकेचं असतं. तोरुन शहराने २००९ मध्ये केवळ या खेळासाठी मोटोअरेना हे देखणं स्टेडियम उभारलं. क्लबला भाडं आणि खर्चाची चिंता असेल, पण उद्या मालक जागा बिल्डरला देईल ही भीती नसते.

ब्रिटनमध्ये स्पीडवे १९२८ ला आला आणि लगेच ग्रेहाउंड स्टेडियममध्ये घुसला, कारण लंबगोल तिथे तयार होता. १९३६ ची पहिली जागतिक अंतिम फेरी वेम्बलीत झाली, तेव्हाही ट्रॅक दुसऱ्याच कोणाच्या मालकीच्या स्टेडियममध्ये होता. भाडेकरू राहण्याची ही सवय जन्मापासूनची. ग्रेहाउंडचा धंदा जोरात होता तोवर खपून गेलं. तो आटला, शहरं वाढली, आणि स्टेडियमखालची जमीन स्टेडियमपेक्षा कितीतरी महाग झाली. १९६४ च्या त्या सात संघांची यादी काढून बघा: वेस्ट हॅम, विम्बल्डन, नॉरिच, स्विंडन, कोव्हेंट्री, ऑक्सफर्ड आणि मँचेस्टरचा बेल व्ह्यू. पहिल्या पाचांचा ट्रॅक गेला. विम्बल्डनच्या स्टेडियमच्या जागी आता फुटबॉलचं मैदान आहे. स्विंडनने २०१९ ची लीग जिंकली आणि त्यानंतर तिथे एकही लीग सामना झाला नाही. यातला एकही ट्रॅक सरासरीच्या मर्यादेमुळे बंद पडलेला नाही.

शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होत असेल तर?

त्रास होतो, यात शंका नाही. सफोकमधल्या मिल्डनहॉलच्या स्टेडियमचा खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. स्टेडियम १९७५-७६ चं, तक्रारदार जोडपं २००६ मध्ये अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतरावरच्या बंगल्यात राहायला आलं. 'ते आधी होतं, तुम्ही नंतर आलात' हा युक्तिवाद सामान्य माणसाला बिनतोड वाटेल. न्यायालयाने २०१४ मध्ये तो मानला नाही. बांधकाम परवानगी असणं म्हणजे उपद्रव करायची मुभा नव्हे, आणि नंतर राहायला आलेल्यालाही शांततेचा हक्क आहे, असा निकाल लागला. स्टेडियमला आवाजाच्या मर्यादा आल्या, तरी शर्यती सुरू राहिल्या. ब्रिटनमधले कायद्याचे विद्यार्थी आजही हा निकाल अभ्यासतात. बहुतेकांनी स्पीडवे कधी पाहिलेला नसतो.

२०१८ पासून इंग्लंडच्या नियोजन धोरणात, म्हणजे कुठे काय बांधू द्यायचं याच्या सरकारी निकषांत, मात्र उलट बाजूचंही म्हणणं आलं. जुन्या मैदानाशेजारी कोणी नवी घरं बांधत असेल, तर आवाज रोखण्याची तजवीज त्या नव्या बांधणाऱ्यानेच करायची. नव्या वस्तीपुरतं हे कवच कामाचं आहे.

मैदान वाचवता येतं का?

त्याच धोरणात आणखी एक कलम आहे. खेळाची जागा सरसकट घरांसाठी देता येत नाही. ती जागा गरजेपेक्षा जास्त आहे हे दाखवावं लागतं, किंवा तितकीच चांगली पर्यायी सोय द्यावी लागते. कोव्हेंट्रीजवळच्या ब्रँडन स्टेडियमची लढाई या कलमावर झाली. तिथली शेवटची शर्यत २०१६ ची. मालकांना घरं बांधायची होती आणि बदल्यात कृत्रिम गवताचं फुटबॉल मैदान द्यायचं होतं. स्पीडवेच्या बदल्यात फुटबॉल! स्थानिक परिषदेने (म्हणजे तिथल्या काउन्सिलने, आपल्याकडच्या नगरपालिकेसारखी) २०२२ मध्ये अर्ज फेटाळला, अपीलही फेटाळलं गेलं. पण जिंकूनही चाहत्यांच्या हातात काय आलं? घरं होणार नाहीत हे ठरलं. शर्यती होतील हे ठरलं नाही. खासगी मालकाला स्टेडियम चालवायची सक्ती करता येत नाही, आणि तोवर ते तोडफोड आणि आगींनी खिळखिळं झालेलं होतं.

ऑक्सफर्डची गोष्ट वेगळी निघाली. तिथला स्पीडवे २००७ ला थांबला, पुढे स्टेडियमही बंद झालं, बिल्डर आला. परिषदेने २०१४ मध्ये स्टेडियमचा परिसर संवर्धन क्षेत्र म्हणून जाहीर केला. घरांची योजना बारगळली, चालवायला तयार असलेला माणूस मिळाला, आणि २०२२ मध्ये शर्यती परत सुरू झाल्या.

मँचेस्टरमध्ये परिषदेच्या पुढाकाराने २०१६ ला खास स्पीडवेसाठी राष्ट्रीय स्टेडियम उभं राहिलं. उद्घाटनाच्याच रात्री वळणं धोकादायक ठरली आणि सामना रद्द झाला. नवं स्टेडियम, गच्च गर्दी आणि ट्रॅकच तयार नाही. पण ट्रॅक दुरुस्त करता येतो. ब्रिटनने २०२१ आणि २०२४ मध्ये स्पीडवे ऑफ नेशन्स ही जागतिक सांघिक स्पर्धा याच स्टेडियमवर जिंकली. संघातला डॅन बेवली वर्किंग्टनच्या जुन्या ट्रॅकवर तयार झालेला, रॉबर्ट लॅम्बर्टचं मुख्य उत्पन्न पोलंडच्या लीगमधून. असे पुढचे रायडर शिकायला ट्रॅक लागतात, आणि ते दर दोन-तीन वर्षांनी कमी होतायत.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी एक कामाची माहिती. स्थानिक परिषद दर काही वर्षांनी परिसराचा विकास आराखडा करते आणि त्यावर लोकांची मतं मागवते. बांधकामाच्या प्रत्येक अर्जावरही कोणालाही लेखी मत देता येतं. त्यासाठी ब्रिटिश नागरिक असण्याची अट नाही. तुमच्या गावात ट्रॅक असेल तर परिषदेच्या संकेतस्थळावर जाऊन आराखड्यात त्या जागेवर कुठला रंग भरलाय, म्हणजे ती कशासाठी राखलीय, ते बघा. मत पाठवताना 'आम्हाला स्पीडवे आवडतो' एवढं लिहून भागत नाही. वर सांगितलेल्या खेळाच्या जागेच्या कलमाचा हवाला द्यायचा, आणि जवळपास दुसरा ट्रॅक किती मैलांवर आहे ते लिहायचं.